विधवेचा शिक्का

"तुम्ही वारलात," उर्किसोसाहेब मुख्य नोंदणी कचेरीच्या खिडकीच्या आतून म्हणाले, आणि सभ्य गृहस्थ असल्यामुळे त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

निकानोर युख्रा रबरी शिक्क्यांच्या दुकानाचा परवाना विचारायला आला होता. त्याने मागे वळून पाहिलं. रांगेतल्या बाया आपापल्या बोचक्यांवर टेकल्या होत्या. वारलेला असा दुसरा कुणी दिसेना.

"साहेब, मी इथं उभा आहे."

"मला दिसताय हो. कागदाला दिसत नाही ना."

साहेबांनी कागद बाहेर सरकवला. मृत्यूचा दाखला होता आणि नाव निकानोरचं होतं. पण त्याच्या डोळ्यांत आधी भरला तो खालचा गोल शिक्का. कड रेखीव, शाई कुठे फुटलेली नाही, मधल्या राजचिन्हातल्या गिधाडाचं पीसन् पीस वेगळं. आपला धंदा सुरू झाल्यापासून इतकं चांगलं काम आपल्या हातून झालं नव्हतं, हे त्याला मान्य करावं लागलं. शिक्का त्यानेच केला होता.

झालं होतं ते असं. शिक्क्याचं यंत्र घरात आलं तेव्हा निकानोर आणि कासिल्दा या नवराबायकोने त्याच्या बापाच्या कळपातले सगळे लामा विकले होते. शिशाची अक्षरं उलटी जुळवायची, त्यांचा साचा घ्यायचा, साच्यात कच्चं रबर घालून यंत्रात शिजवायचं. त्या दिवसांत घरात बटाट्यापेक्षा रबरच जास्त शिजत होतं. दारावर पाटीही लागली होती, 'युख्रा आणि मुलं'. मुलं अजून नव्हती, पण होतील तेव्हा पाटी पुन्हा कोण रंगवणार, असा निकानोरचा हिशेब.

पहिलं मोठं काम मिळालं सासूकडून. सासूबाई दोन्या प्लासिदा आलासितासच्या जत्रेत माल मांडून बसत. या जत्रेत सगळं इवलं मिळतं: अंगठ्याएवढं घर, काडेपेटीएवढा ट्रक, नखाएवढी पदवी. माणसाने हवं ते विकत घ्यायचं, भर दुपारी भगताकडून त्याला धुरी देववायची, आणि मिशाळ एकेकोदेवापुढे ठेवायचं. देव ते वर्षभरात मोठं करून दारात आणतो. मित्राला गंमत म्हणून मेल्याचा दाखलाही देतात. त्याने आयुष्य वाढतं. अशा दाखल्यांसाठी सासूला नखाएवढे शिक्के हवे होते. निकानोरच्या खोक्यात तेवढी बारीक अक्षरंच नव्हती. त्यामुळे शिक्का झाला बशीच्या बुडाएवढा. शिक्का मोठा म्हणून कागद मोठा, आणि गिऱ्हाईक म्हणे, हे इवलं कसलं, हे तर खरंच आहे. एकही दाखला खपला नाही.

सासूने त्यातला एक जावयाच्या नावाने भरला. जावई खोकत होता, त्याचं आयुष्य वाढावं, एवढाच हेतू. मग तो दाखला आणि परवान्याचा अर्ज एकत्र ठेवून भगताकडून लोकरीच्या धाग्याने बांधून घेतला. भगताने मारलेली गाठ घरच्यांनी सोडली तर गुण जातो, असं तिचं म्हणणं. म्हणून पुडकं होतं तसं खिडकीत गेलं.

"साहेब, हा जत्रेतला कागद आहे," निकानोर म्हणाला. "शिक्क्यावर वाचा. परममुख्य नोंदणी कचेरी. अशी कचेरीच नाही."

"आम्ही नुसतेच मुख्य," उर्किसो म्हणाले. "परममुख्य म्हणजे आमच्या वरचे. वरच्यांना मी कसं विचारू? आणि शिक्का खोटा म्हणत असाल, तर तो कुणी केला तेही लिहून द्यावं लागेल."

निकानोरने कागद मागे सरकवला. खोटा म्हणावा तर तुरुंग, खरा म्हणावा तर मसणवाट. आणि परवाना नसेल तर सोमवारी दुकानाला सील लागणार, यंत्र आतच अडकणार.

साहेबांना दया आली. मयताचा धंदा विधवेच्या नावावर विनाशुल्क होतो आणि त्याच दिवशी होतो, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं.

घरी कासिल्दाने ऐकून घेतलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. जिवंत नवऱ्यामागे विधवेची काळी शाल पांघरायला ती काही वेडी नव्हती. त्यापेक्षा आपण बाजारात पुन्हा मका विकू, असं तिचं म्हणणं पडलं. निकानोर यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता. दांडा अजून कोमट होता.

"जावईबापू," दोन्या प्लासिदा चुलीजवळून म्हणाल्या, "जिवंतपणी त्या कचेरीत तुमचं एक काम झालं नाही. मेल्यावर एका दिवसात होतंय. देवाला नावं ठेवू नका."

यंत्र वाचावं म्हणून दुसऱ्या दिवशी कासिल्दा शेजारणीची काळी शाल घेऊन खिडकीपाशी गेली. निकानोर सोबत होता, कारण ती एकटी जाईना. रांगेतल्या एका बाईने तिला आपली जागा दिली. दुसरीने हातावर पाव ठेवला. कासिल्दा रडू लागली, आणि ते इतकं खरं होतं की उर्किसोसाहेबांनी पुन्हा टोपी काढली.

"तुम्ही मयताचे कोण?" त्यांनी निकानोरला विचारलं. कालचाच माणूस होता, पण कागदात नव्हता.

निकानोरने जरा विचार केला.

"जवळचा," तो म्हणाला.

"मग सांभाळा बाईला."

परवाना हातात आला. दुकानाचा शिक्का मात्र परवान्याप्रमाणेच हवा, हे साहेबांनी बजावून सांगितलं.

संध्याकाळी निकानोर अक्षरं जुळवायला बसला. पाटी त्याने आधीच उतरवून यंत्राखाली अडकवली होती. यंत्राचा एक पाय आखूड होता. कासिल्दा समोर बसली होती. शाल अजून अंगावरच होती, थंडी होती.

"नुसतं माझं माहेरचं नाव ठेव, कासिल्दा तिकोना," ती म्हणाली. "ते बाकीचं नको."

"परवान्यात आहे."

"असू दे. माझ्या हाताने नाही उमटायचं ते."

त्याने परवान्यातली अक्षरं पुरी जुळवली. रबर शिजलं, थंड झालं. एरवी कापायचं काम तिचं. आज त्यानेच कडा कापल्या, लाकडी मुठीला चिकटवलं आणि शिक्का तिच्यापुढे ठेवला. बऱ्याच वेळाने तिने तो उचलला, शाईत टेकवला आणि कागदावर ठेवला.

'कासिल्दा तिकोना' स्वच्छ उठलं. खालचं 'युख्राची विधवा' पुसट राहिलं, कुणी फुंकर मारून विझवल्यासारखं. आता गावात त्याचं नाव कुठे उरलं असेल, तर ते तेवढंच.

निकानोरने कागद दिव्याजवळ धरून पाहिला.

"खाली दाब कमी पडला," तो म्हणाला. तिच्या हातावर त्याने आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून पुन्हा दाबलं.