तीन पट्ट्या खाली

उन्हाळा सुरू झाला की माणसांचे पाय सुजतात आणि ते कबूल करायला कुणीही तयार नसतं. चपला-बुटांच्या दुकानात जन्म काढलेल्या भाऊला हे चांगलं ठाऊक होतं. गिऱ्हाईक नेहमीचा नंबर मागायचं, पाऊल आत शिरायचं नाही, चेहरा उतरायचा. मग भाऊ खाली बसल्या बसल्याच म्हणायचा, "या कंपनीचं मापच लहान येतं हो," आणि एक नंबर मोठा जोड पुढे सरकवायचा. गिऱ्हाईक खूश, मालक खूश, आणि कंपनी काही भांडायला येत नव्हती.

हाच गोडबोल्या स्वभाव त्याच्या अंगाशी आला होता, पण दुकानात नव्हे.

भाऊ दर शनिवारी संध्याकाळी एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. बँड म्हणजे चार माणसं. गाणारी त्याची थोरली बहीण. ती एका मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर बसायची आणि तिला सगळे ताईच म्हणत. ड्रमवर एक प्लंबर होता, तो निम्म्या वेळा ओल्या पँटनेच यायचा. गिटार वाजवणारा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांनी जीव मुठीत धरून बसायचा आणि संध्याकाळी स्वतःच्या चुका करायला मोकळा व्हायचा. चौथा भाऊ. त्याला सगळे भाऊ म्हणत याचं कारण एवढंच की तो ताईचा भाऊ होता.

शहरात असे बँड पुष्कळ होते. दिवस मोठा झाला की कॉफीच्या दुकानांच्या मागच्या अंगणांत खुर्च्या मांडल्या जायच्या, दिव्यांच्या माळा लागायच्या, आणि कुठल्या अंगणात कोण वाजवणार यावरून सगळ्यांचे रुसवेफुगवे सुरू व्हायचे. लोक ऑफिसातून थेट यायचे, गार काहीतरी मागवायचे, बूट अर्धे काढून पाय मोकळे करायचे आणि ऐकायचे. गाणं भारी असावं अशी त्यांची अपेक्षा नसायची. वारा सुटावा एवढीच असायची.

तीन वर्षांपूर्वी ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, ताई बचावली, आणि डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं की वरचे सूर आता विसरा. ताई विसरणाऱ्यांतली नव्हती. बरी झाल्यावर पहिल्याच सरावाला तिने आपलं ठेवणीतलं गाणं धरलं. त्या गाण्याच्या शेवटी आवाज वर वर चढत जातो. तिथे तिचा आवाज असा फाटला की प्लंबरने काड्या खाली ठेवल्या. ताई बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. पण नळाखाली रडणं लपत नाही, निदान प्लंबरपासून तरी.

पुढच्या आठवड्यात भाऊने एक बटण दाबलं. कीबोर्डवर तसं बटण असतं. बोटं नेहमीच्याच जागी पडतात, पण प्रत्येक दाबासरशी अख्खं गाणं एक पट्टी खाली उतरतं. भाऊने ते तीनदा दाबलं. गिटारवाल्याने पहिले सूर ऐकले, भाऊकडे बघितलं, आणि तार तुटल्याची सबब सांगून सगळ्या तारा तेवढ्याच सैल करून आणल्या. ताई गायली. शेवटच्या चढणीला डोळे मिटून लागली आणि सुखरूप पोचली.

"आला रे! आला माझा आवाज परत!" म्हणत तिने भाऊला मिठीच मारली. भाऊ घामाने निथळत होता. आजचा दिवस जाऊ दे, त्याला वाटलं, पुढच्या खेपेला सांगू.

ती पुढची खेप काही आली नाही. ताई रोज पहाटे उठून वाफ घ्यायची, तोंड मिटून सूर धरायची आणि भेटेल त्याला ऐकवायची की मनावर घेतलं तर डॉक्टरसुद्धा खोटे पडतात. भाऊ शेजारी उभा राहून मान डोलवायचा. दर शनिवारी ताई यायच्या आत तीनदा बटण दाबून ठेवायचा.

आता मात्र तो थकला होता. दिवसभर लोकांच्या पायांशी बसायचं-उठायचं, संध्याकाळी कीबोर्ड खांद्याला लावून दोन बस बदलायच्या. गुडघे कुरकुरायचे, डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या. बायको म्हणायची, "एखादा शनिवार घरी पडून राहिलात तर जग बुडणार नाही." भाऊला जगाची काळजी नव्हती, ताईची होती. त्याच्या जागी दुसरं कुणीही बसलं की गाणं खऱ्या पट्टीत वाजणार आणि ताईचा आवाज पुन्हा चारचौघांत फाटणार. बँड सोडणं म्हणजे बहिणीचा केसाने गळा कापणं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याला फक्त झोपायचं होतं, आणि तेवढंही जमत नव्हतं.

शेवटी एक वाट दिसली. जवळच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या एक बाई दुकानात नेहमी यायच्या. हात उत्तम होता आणि शाळेला सुट्टी लागलेली. भाऊने विचारलं, त्या लगेच तयार झाल्या. ताई थोडी कुरकुरली, मग "दमलायस खरा तू" म्हणून कबूल झाली. बटणाचं मात्र भाऊने बाईंना सांगितलं नाही. दुकानात गर्दी होती, शेजारी मालक उभा होता, आणि खरं म्हणजे जीभच रेटत नव्हती. सरावाला थोडं आधी जाऊ आणि कानात सांगून टाकू, असं त्याने ठरवलं.

नेमकं त्या दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळी एक कुटुंब आत शिरलं. प्रत्येकाने चार-चार जोड पायांत चढवले, आरशापुढे फेऱ्या मारल्या आणि "बघतो परत" म्हणून सगळे निघून गेले. भाऊ खोकी आवरून धापा टाकत पोचला तेव्हा सराव सुरू झाला होता.

टायरच्या दुकानामागचं एक गॅरेज त्यांना सरावाला मिळालेलं होतं. शटर अर्धं खाली होतं. आत गिटार आणि कीबोर्ड यांची अशी काही जुंपलेली होती की भाऊ बाहेरच थबकला.

"दादा, तुमची गिटार उतरलीय," बाई म्हणाल्या. "चांगली तीन पट्ट्या खाली आहे."

"उकाड्याने होतं असं," गिटारवाला पुटपुटला.

"सगळ्या तारा सारख्याच? उकाडा भलताच शिस्तीचा दिसतो." बाई हसल्या. "आणा इकडे, मी लावून देते."

भाऊने तेव्हाच वाकून आत शिरायला हवं होतं. तो शिरला नाही. दोष गुडघ्यांवर ढकलता आला असता, पण त्याला भीती वाटत होती. आत गाणं सुरू झालं. पहिली ओळ बरी गेली. ताई चढणीला लागली आणि आवाज फाटला. तिने पुन्हा धरला, पुन्हा फाटला. 

"गिटार कधीपासून उतरलेली आहे?" ताईने विचारलं.

"म्हणजे ताई, यंदा उन्हाळा जरा..."

"मी तुला उन्हाळ्याचं विचारलं नाही."

"ऑपरेशनपासून," प्लंबरने एकदाचं सांगून टाकलं. "कीबोर्डपण. भाऊ बटण दाबतो."

तेव्हा भाऊ आत आला. मान खाली घालून, पाठीत वाकून आला. त्या शटरखालून दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने येताच येत नव्हतं. ताईने त्याच्याकडे एकदा बघितलं, पर्स उचलली आणि त्याच्या अंगावरून बाहेर पडली.

त्याने तिला बस थांब्यावर गाठलं. ऊन उतरलं होतं, तरी भिंतीतून धग येत होती. ताई बाकावर बसली नव्हती, उभीच होती.

"ताई, तू रडत होतीस. मला बघवेना."

"मग तोंड फिरवायचं होतंस! रडले असते चार दिवस, झाले असते गप्प. माणसं रडतात रे. त्याने कुणी मरत नाही."

"नंतर तू इतकी खूश होतीस की सांगायचा धीरच झाला नाही."

"खूश," ताई म्हणाली. ती रस्त्याकडे बघत होती. "आमच्या खिडकीवर एक मुलगी येते. माझ्यासारखंच ऑपरेशन झालंय तिचं. तीही गाते. डॉक्टरांनी तिलाही तेच सांगितलं. आणि मी तिला म्हटलं, डॉक्टरांचं काय ऐकतेस, माझ्याकडे बघ. वर्ष झालं, पहाटे उठते ती पोर. दर भेटीला विचारते, ताई, अजून येत नाही, माझं काही चुकतंय का? आणि मी काय सांगते ठाऊक आहे? तुझंच चुकतंय, तू मन लावत नाहीस." ती भाऊकडे वळली. "आता तिला काय सांगू? तूच सांग. तुला गोड बोलता येतं."

 भाऊला लाज वाटली. ताईच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे त्याने कधी दुसरं काही बघितलंच नव्हतं.

"शनिवारी मीच वाजवतो," तो कसाबसा म्हणाला. "बाईंना नको म्हणून सांगतो. तुला हवं तसं करू."

"नको. बाईच वाजवतील. मला खरं सांगणारं माणूस हवंय शेजारी." तिने हात करून बस थांबवली. "तुला सुट्टी हवी होती ना? घे की."

ती बस त्याच्याही घराकडे जाणारी होती. तो चढला नाही.

शनिवारी बायकोने उशी ठेवली, पंखा लावून दिला. भाऊ आडवा झाला आणि छताकडे बघत राहिला. मग उठून, शर्ट घालून निघाला. अंगणात पोचला तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या. तो शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसला. इतक्या वर्षांत त्या अंगणात तो पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसत होता, आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

पुढच्या रांगेत एक बारकीशी मुलगी एकटीच बसली होती. एवढ्या उकाड्यात तिने गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळली होती.

ताईने ठेवणीतलं गाणं सगळ्यांत आधी घेतलं. गिटार तिच्या मूळ सुरात लावलेली होती, बाई खऱ्या पट्टीत वाजवत होत्या. भाऊने पहिल्या सुरालाच ते ओळखलं. ताई चढणीला लागली. तिने काहीही चोरलं नाही, पुरता जोर लावला, आणि आवाज सगळ्यांसमोर फाटला. लोक कपात बघायला लागले. 

ताईने हात वर करून गाणं थांबवलं.

"गळ्याचं ऑपरेशन झालंय," ती माइकमध्ये म्हणाली. लोकांशी बोलत होती, पण बघत होती त्या मुलीकडे. "वरचं आता येत नाही. कितीही केलं तरी येणार नाही, आणि त्यात माझी काही चूक नाही. बाई, तीन पट्ट्या खाली घ्या."

कुणीतरी हसलं, मग ताईही हसली, मग बरेच जण हसले. एवढंच झालं. जे सांगायला भाऊला तीन वर्षं पुरली नव्हती ते तिने एका दमात सांगितलं, आणि लोक आपापलं गार पीत पुन्हा मागे रेलले. गाणं खालच्या पट्टीत सुरू झालं. दर शनिवारी व्हायचं तेच, तसंच. ओढणीवाली मुलगी दोन्ही हातांत तोंड लपवून रडत होती. ताईने तिला रडू दिलं.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. ताईने पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. ती भाऊवर आली आणि न थांबता पुढे गेली. भाऊ बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवत राहिला.