तिसरा ट्रंपेट

वाद्यांच्या दुकानात शिरलो, दुकानदाराच्या मिशा बघितल्या आणि मला कळलं, आज आपलं काही खरं नाही. चांगल्या झुबकेदार, वरचा ओठ सबंध गिळून बसलेल्या. तो काहीतरी बोलला, मी मान हलवली. तो आणखी काही बोलला, मी पुन्हा हलवली, वर हसलेसुद्धा. बारकी माझ्याकडे वळली. "आई, ते विचारतायत खुर्ची देऊ की उभ्यानंच बघणार. हो काय म्हणतेस?"

बारकी म्हणजे माझी एकुलती एक लेक. हायस्कुलात आहे, तीन वर्षं शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवते, पण तो अगदी शिकाऊ पोरांचा. बँडच्या बाई म्हणाल्या, आता यात तुझा श्वास मावत नाही, मधल्या प्रतीचा घे, म्हणजे पहिल्या रांगेत बसवते. तिचे वडील मालट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

मी पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर आहे. पायानं दाबायचं, वरून साचा धाडकन आदळतो, झाकण खाली पडतं. अशी एकोणीस वर्षं झाली. कान नेमके कधी गेले ते कळलंच नाही. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची घंटा, मग माणसांच्या बोलण्यातले अर्धेअधिक शब्द. ते मी ओठांवरून उचलते. कारखान्यात दरवर्षी कान तपासतात, पण तपासणारा बटण दाबताना खालचा ओठ चावतो. त्यानं चावला की मी हात वर करते. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि झाकण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. घरी नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही.

रोज संध्याकाळी बारकी वाजवायला उभी राहिली की मी समोर स्टुलावर बसते. मला ट्रंपेट अगदीच कळत नाही असं नाही. शेजारच्या खोलीत कोणी जड कपाट सरकवावं, तसा कळतो. तिच्या ओठांचे कोपरे घट्ट होतात, कपाळावर शीर उठते, बोटं कळांवर भराभर चालतात, ते मी बघते. संपलं की ती विचारते, "कसं झालं?" मी म्हणते, "झकास." तीन वर्षांत हे एकदाही चुकलेलं नाही.

दुकानदारानं काउंटरवर तीन ट्रंपेट मांडले. दोन पिवळे, एक चांदीच्या मुलाम्याचा. धातूचं मला कळतं. मी एकेकाच्या जोडांवरून नख फिरवलं, कळा दाबून सोडून बघितल्या. चांदीवाल्याच्या कर्ण्यावर पोचा ठोकून काढलेला होता. "हा कुठंतरी आपटलाय," मी म्हटलं. दुकानदारानं तो उजेडात धरून बघितला, आणि गुपचूप मागच्या फळीवर परत ठेवला. उरले दोन. मला वाटलं, चला, निभावलं.

तेवढ्यात बारकीनं दप्तरातून चिठ्ठी काढली. "बाईंनी लिहून दिलंय. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज धड कळत नाही, तो पुढे निघून जातो. म्हणून आपल्याला रोज ऐकणारं माणूस पाठमोरं बसवायचं. कुठला वाजतोय ते त्याला सांगायचं नाही. तू बस."

"मला काय कळतंय त्यातलं? तुझं तूच बघ ना."

"तुलाच कळतं. तीन वर्षं तू एक दिवस चुकवला नाहीस. बँडमधल्या एकाच्याही घरी असं कुणी बसत नाही, आई."

यावर काय बोलणार? भिंतीकडे तोंड करून खुर्ची ठेवली, मी बसले. पाठीमागे ती दोघं काहीतरी ठरवत असावीत, मला पत्ता नाही. समोर नुसती भिंत. तिला ना ओठ, ना कपाळ.

पहिल्यांदा काहीतरी झालं, लांबवर, पातळसं. दुसऱ्या वेळी त्याहून पातळ. ते सुरू कधी झालं आणि संपलं कधी, देव जाणे. आणि मग तिसऱ्यांदा आलं. कपाट सरकलं. ओळखीचं, रोजचं! मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ट्रंपेट दोन असताना तीनदा कसं वाजलं, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

"तिसरा!" मी जवळजवळ ओरडलेच. "डोळे झाकून तिसरा!"

वळून बघते तर बारकीच्या हातात तिचा जुनाच ट्रंपेट. फरक कळावा म्हणून जुनाही बरोबर ने आणि शेवटी तोही वाजव, असं बाईंनीच लिहिलं होतं. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता!

तिचे ओठ थरथरत होते, आणि थरथरणारे ओठ वाचायला फार अवघड. "तुला घ्यायचाच नव्हता ना? मग सरळ सांगायचंस. की मी कशावर काय वाजवते, यानं तुला काही फरकच पडत नाही?"

जुनाच बरा आहे, एवढं म्हटलं असतं तरी सुटले असते. मूठ झाकलेली राहिली असती. पण मग पोरगी जन्मभर तेच धरून बसली असती, आणि ते मला सोसवलं नसतं.

"मला ऐकू येत नाही गं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"कारखान्यामुळं. तुझा हा जुना थोडा कळतो. हे नवे नाही कळत."

"कधीपासून?"

"तू शिकायला लागलीस, त्याच्या आधीपासून."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग रोजचं झकास?"

मी खाली बघितलं. खाली बघितलं की मला कुणाचंच काही पोचत नाही. ती आणखी काही बोललीही असेल.

वर बघितलं तेव्हा ती जुना ट्रंपेट पेटीत ठेवत होती. "मी हाच वाजवणार. हा तरी तुला कळतो."

"वेडी आहेस का? माझ्या कानांपायी तू मागच्या रांगेत सडणार?" मी पेटी ओढून घेतली आणि दुकानदाराकडे वळले. "भाऊ, दोन्हींतला चांगला कुठला ते तुम्हीच सांगा. आणि सांगताना ती मिशी जरा वर धरा."

तो गोंधळला. मग दोन्ही हातांच्या बोटांनी मिशा वर धरून, लहान मुलाशी बोलावं तसा सावकाश म्हणाला, "पहिला, ताई. मोकळा आवाज आहे." बारकीला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली.

संध्याकाळी ती नवा ट्रंपेट घेऊन उभी राहिली. तिथं बसावं की नाही, मला कळेना. पण तिनंच स्टूल रोजच्या जागी ओढून ठेवलं होतं, म्हणून बसले. ओठांचे कोपरे घट्ट झाले, शीर उठली, बोटं चालू लागली. कपाट जागचं हललं नाही. शेजारची म्हातारी येऊन खिडकीशी उभी राहिली. तीन वर्षांत ती कधी आली नव्हती.

बारकीनं ट्रंपेट खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. विचारलं मात्र काही नाही.

"कसं झालं?" मी विचारलं.

ती माझ्यासमोर खाली बसली, खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशी, आणि सावकाश ओठ उघडून म्हणाली, "झकास."