शेरा: अस्पष्ट

माझी बायको उमा गेल्यावर दहा महिन्यांनी मला हे काम मिळाले. बालाघाटच्या एका बीज उत्पादक संस्थेचे जुने कागद संगणकात घालायचे होते. गोंदियाच्या एजन्सीने गोदामामागच्या खोलीत पाच मशिनी मांडल्या. मुली स्कॅन करत. प्रत्येक पानाचे चित्र नीट आले की नाही हे तपासायला जुनी अक्षरे वाचता येणारा माणूस हवा होता. मी कृषी विभागात छत्तीस वर्षे बाबू होतो, म्हणून मला घेतले.

त्या कागदांत उमाच्या वह्या असणार हे मला माहीत होते. ती त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षे होती. शेतकऱ्याने आणलेल्या धानाच्या प्रत्येक लॉटमधून चारशे दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि चौदाव्या दिवशी किती उगवले, किती वाकडे आले, किती मेले ते लिहायचे. शंभरात ऐंशी उगवले तर बियाणे पास. असे लिहून भरलेल्या तिच्या एकतीस वह्या होत्या.

मागच्या श्रावणात एका सकाळी तिच्या हातातून पातेले पडले आणि बोलणे जड झाले. आम्ही गाडी करून गोंदियाला निघालो. वाटेत राजेगाव येईपर्यंत ती होती.

कामाची पद्धत अशी. चित्र ठीक असेल तर ‘मंजूर’ करायचे. नसेल तर नामंजूर करून शेरा लिहायचा: तिरपे, कडा कापली, अस्पष्ट. नामंजूर पान पुन्हा स्कॅन होई, आणि त्या वेळी मूळ वही माझ्या टेबलावर येई, म्हणजे कागद आणि चित्र शेजारी ठेवून बघता यावे. वहीचे शेवटचे पान मंजूर झाले की वही पोत्यात जाई. पुढे सगळी पोती लगद्याला जाणार होती, कारण त्या कागदांवर शेतकऱ्यांचे अंगठे आणि जमिनीचे खसरा नंबर होते, ते बाहेर कोणाच्या हाती पडू द्यायचे नव्हते. मी सचिव वीरेंद्रबाबूंना एकदा विचारले होते की उमाची एखादी वही मला मिळेल का. ते म्हणाले, “भाऊ, माह्या हातात असतं त मी देलीच असती. पण कमिटीचा ठराव आहे. तुमाले देली त उद्या कोणीबी मागन.” त्यांचे बरोबर होते. मी पुन्हा विचारले नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिची सातवी वही आली आणि त्यात ते पान निघाले. माझा धाकटा भाऊ महागू कटंगीकडे शेती करतो. त्याच्या धानाचा लॉट. उगवले शंभरात शहात्तर. खाली लिहिले होते, नापास.

या गोष्टीला वीस वर्षे झाली. महागू तेव्हा आमच्या घरी येऊन बसला होता. “वहिनी, चार दाण्याचाच त सवाल आहे,” तो म्हणाला. उमा म्हणाली, “मी कुठून आणू भाऊजी चार दाणे? उगवलंच नाही त लिवू कसं?” मी भावाची बाजू घेतली. त्याच्यासमोर तिला म्हणालो, “तुले दाणे मोठे आन माणसं लहान.” ती चहा टाकायला उठली. नंतर तीन महिने मी तिच्याशी कामापुरतेच बोललो. पुढे सगळे विसरल्यासारखे आम्ही राहिलो. माझे चुकले हे मला पुष्कळ आधी कळले होते, पण ते तिला सांगायचे राहून गेले.

पानाचे चित्र स्वच्छ होते. मी शेरा लिहिला: अस्पष्ट.

दुसऱ्या दिवशी वही माझ्या टेबलावर आली. उमा पेन दाबून लिहायची. पान उलटले की मागून आकडे बोटाला लागत. मी बोट फिरवले. सात लागला, सहा लागला. चित्रात हे येत नाही.

मग मी थांबलो नाही. तिच्या वह्यांतली रोज पाचसहा पाने नामंजूर करायचो. एक पान अडले की वही पोत्यात जात नसे. दीड महिन्यात दोनशे बारा पाने अशी अडली. यात कोणाचे काही बिघडत नाही असे मी धरून चाललो होतो. नामंजूर पानांच्या तक्त्यावर नाव नसे, फक्त ‘टेबल ४’ असे लिहिलेले असे, कारण उमाच्या सगळ्या वह्या त्याच मशीनवर जात. टेबल चारवर कोण बसते ते माझ्या खुर्चीतून दिसत होते. मी तिकडे बघत नव्हतो.

एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तीच मुलगी माझ्याकडे आली. तिचे नाव पौर्णिमा. रोज कटंगीहून बसने यायची. हातात छापलेले एक पान होते.

“काका, जेवण झालं का?”

“हौ. बोल.”

“या पानावर तुमी अस्पष्ट लिवलं. कुठं अस्पष्ट आहे तेवढं दाखवा. मी भांडाले नाही आली. शिकून घेईन.”

मी पान हातात घेतले. दाखवण्यासारखे त्यात काही नव्हते.

“काच मी दिवसातून तीनदा पुसून राह्यली,” ती म्हणाली. “बाकीच्या वह्यायचं एकबी पान वापस येत नाही. या एकाच बाईचं येते. आन हिचं अक्षर त सगळ्याईत साफ आहे, काका. पहिले हिची वही आली का मले बरं वाटे, आज डोकं नाही दुखणार म्हणून. आता भेव लागते.”

एजन्सीचा सुपरवायझर लोकेश चहा घेऊन चालला होता. तो हसून म्हणाला, “क्या पौर्णिमा, काका के पास ट्यूशन लगा ली?” मग माझ्याकडे वळला. “काका, दोन टक्क्याच्या वर पानं नामंजूर चालत नाही. हिचं सहा झालं. सोमवारपासून हिच्या जागी दुसरी पोरगी येऊन राह्यली.”

तो गेल्यावर पौर्णिमा हळूच म्हणाली, “घरी बाबा वाटच पाहून राह्यले. एक काम लागलं तेबी जमलं नाही म्हणतीन, अन मले पाहाले पाहुणे बोलावतीन.”

ती जागेवर गेली. पान माझ्याजवळच राहिले. उमाचे अक्षर, आणि वरच्या कोपऱ्यात माझा शेरा. वीस वर्षांपूर्वी मी उमाला टाकून बोललो होतो, ते निदान रागात. आता चष्मा लावून, शांतपणे, दोनशे बारा वेळा मी तिच्या अक्षराला नाव ठेवले होते. आणि त्याची शिक्षा एका परक्या मुलीला मिळणार होती.

तपासणाऱ्याची स्वतःची चूक लिहायला एक वेगळी वही असते. तिच्यात तोवर एकही ओळ नव्हती. मी लिहिले: टेबल चारची दोनशे बारा पाने मुळात बरोबर होती. मी ती चुकीची नामंजूर केली. मग लोकेशला बोलावून वही पुढे केली.

त्याने वाचले आणि दार लोटून घेतले. “काका, डोकं फिरलं का तुमचं? असं लिवत असतेत का? मशीनची सेटिंग बिगडली होती असं लिवा. पोरगी वाचन, तुमीबी वाचसान.”

“मशीन ठीक होती.”

“कोण पाहाले येणार हाय?”

“मशीन ठीक होती, लोकेश.”

“मग कारणाचा रकाना आहे, तो भरा. काहून केलं म्हणून लिवू?”

मी वही ओढून घेतली आणि लिहिले: वह्या माझ्या बायकोच्या आहेत. त्या पोत्यात जाऊ नयेत म्हणून केले.

लोकेशने कारण वाचले आणि वही मिटली. मग म्हणाला, “आजच्या आज सगळे पानं मंजूर करा. पोरगी राहीन. तुमचं मी वर कळवतो. सोमवारी येऊ नका.”

वह्यांचा गठ्ठा देऊन त्याने पौर्णिमालाच माझ्याशेजारी बसवले. लोकेशकडून तिला कारण कळले होते. ती रागावलेली होती आणि ते तिने लपवले नाही.

“मले सांगता येत नव्हतं का तुमाले?” ती म्हणाली. “दीड महिना मी घरी जाऊन रडली. माह्या हातातच काही खोट आहे असं वाटे मले.”

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

वही उघडून पहिले अडलेले पान तिने माझ्यासमोर धरले. मी पडद्यावरचे चित्र बघितले आणि मंजूर केले. ती पान उलटे, मी मंजूर करी. महागूचे पान त्यातच कुठेतरी येऊन गेले. एक वही संपली की ती उठून पोत्यात टाकून येई. प्रत्येक वहीला मला वाटे, हिला थांब म्हणावे. म्हणालो नाही.

पाच वाजता शेवटची वही राहिली. तिच्यात अडलेली तीनच पाने होती. पौर्णिमाने ती समोर ठेवली आणि पहिल्यांदाच पान न उलटता थांबली.

“करू ना, काका?”

“कर,” मी म्हणालो.