या घरात फितूर नाही

माझ्या बायकोची, ग्वेंडाची राख मी अमेरिकेहून चहाच्या पत्र्याच्या डब्यात आणली. डबा तिच्याच स्वयंपाकघरातला. दुपारी दोन वाजता तिला इथे वेल्समध्ये, चॅपलमागच्या पॅरींच्या कबरीत ठेवायचं ठरलं होतं. तिची तेवढी एकच इच्छा होती. कबर एलुनेड पॅरींच्या मालकीची. ग्वेंडाचा पणजोबा ग्रिफिथ आणि एलुनेडबाईंचे आजोबा ओवेन हे सख्खे भाऊ. हे नातं शोधायला ग्वेंडाला अकरा वर्षं लागली. सापडलं, आणि चार महिन्यांत ती गेली.

एलुनेडबाई अठ्ठ्याऐंशीच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात मुलगा इवान फावडं भिंतीला टेकवून चहा पीत बसला होता. खड्डा तोच खणणार होता.

"कार्ड आणलंत?" बाईंनी विचारलं.

मी दिलं. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत तीन वर्षं संप चालला. तेव्हा संपकऱ्यांच्या घरोघरी खिडकीत हे छापील कार्ड लागलं: या घरात फितूर नाही. जो कामावर परत गेला, त्याचं कार्ड उतरलं. ग्रिफिथ संप चालू असतानाच अमेरिकेला आला, तो हे कार्ड बायबलमध्ये घालून. ग्वेंडाच्या माहेरी त्याचा फार अभिमान.

बाईंनी भिंतीवरची चौकट उतरवली. आत ओवेनचं कार्ड होतं, उन्हानं तपकिरी पडलेलं, अक्षरं पुसट. त्यांनी आमचं शेजारी ठेवलं. आमचं पांढरं, अक्षरं काळीभोर.

"हे खिडकीत किती दिवस होतं?"

"आई, बायबलमध्ये होतं ना ते," इवान म्हणाला. "तिथं कुठलं ऊन? आपलं बायबल बघ, अजून कोरंच आहे."

"तू चहा पी. मी यांना विचारतेय." त्या माझ्याकडे वळल्या. "त्या कबरीत माझी आत्या आहे. नेल. चार वर्षांची. दुसऱ्या हिवाळ्यात गेली. घरात खायला नव्हतं, तरी आजोबा कामावर गेले नाहीत. तिच्याजवळ फितुराच्या घरचं कुणी येणार नाही, असा वडिलांना शब्द दिलाय मी. तेव्हा नीट सांगा. हे बायबलमुळे असं राहिलं का?"

इवाननं आईच्या पाठीमागून मला मान हलवून खुणावलं. हो म्हणा.

दीड वाजला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं विमान. एक 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. माझा हात डब्यावर होता. ग्वेंडानं आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "ग्रिफिथ आठव्या आठवड्यात कामावर गेला. खाणीच्या हजेरीत नाव आहे. पाच महिने काम केलं, मग अमेरिकेला आला. ग्वेंडानंच शोधून काढलं."

इवाननं कप खाली ठेवला.

"मग मला पत्रात का नाही लिहिलं तिनं?" बाईंनी विचारलं.

मी ग्वेंडाची वही पुढे केली. शेवटचं पान दवाखान्यातलं, अक्षर वाकडं. बाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "एलुनेडला पत्रातून सांगायचं नाही. समोर बसून सांगायचं. नको म्हणाली तर नको."

त्यांनी ते पुन्हा एकदा मनात वाचलं.

"आणि धाडलं कुणाला, तर तुम्हाला."

"मला फारसं बोलता येत नाही."

"दिसतंय ते."

त्या उठल्या. मी डबा पिशवीत घालायला लागलो. त्या कोट घालत होत्या.

"इवान, नेलच्या अंगाला नको. भिंतीकडच्या टोकाला खण. वडिलांना मी काय सांगायचं ते सांगेन."

"आता सांगणार?"

"लवकरच भेटायचंय की. फावडं घे."

कबरीपाशी इवाननं हातभर खड्डा केला. मी कार्ड बाहेर काढलं, म्हटलं, ते तिच्याबरोबर ठेवू का?

"नको," बाई म्हणाल्या. "कशाला तिच्या माथी?"

मी ते परत खिशात घातलं. डब्याचं झाकण प्रवासात घट्ट बसलं होतं. माझ्या हाताला ते निघेना. बाईंनी डबा माझ्याकडून घेतला, पोटाशी धरला आणि उघडून दिला.