शुक्रीच्या पायावरचा भार

इनासचं आयुष्य धातू मोडण्यात गेलं होतं. अलेक्झांड्रियाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती पोलादाच्या पट्ट्या यंत्रात धरून पुन्हापुन्हा ताणायची. केसाएवढा तडा कसा जन्मतो आणि प्रत्येक ओढीसरशी कसा पुढे सरकतो, हे बघणं हेच तिचं शास्त्र. ते तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरात कडा उडालेला ग्लास दिसला, की त्याची रवानगी थेट कचऱ्यात.

"आमच्याकडे बश्यांना मरायच्या आधीच पुरतात," असं तिचा नवरा शुक्री पाहुण्यांना सांगायचा. तो भूगोलाचा निवृत्त मास्तर. तोंडाने फटकळ, पायाने भटक्या.

हिवाळ्यातल्या वादळात तो रोट्या घेऊन परत येत होता. इमारतीच्या ओल्या पायरीवरून घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत सळई घातली. काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता पायावर थोडा थोडा भार द्यायला लागा, वीस किलोपर्यंत."

इनासने एक्स-रे उजेडाकडे धरला. "तडा दिसतोय की अजून!"

"दिसणारच, मॅडम. पण हाडाला काम मिळालं नाही तर ते भरणार कसं?"

तिने मान डोलावली. पण घरी आल्यावर तिचे हात काही ऐकेनात. तडा असलेल्या वस्तूवर भार म्हणजे काय, हे तिने हजारदा डोळ्यांनी पाहिलं होतं. दवाखान्यातून आणलेला वॉकर तिने कपाटामागे सारला. चहा, वर्तमानपत्र, औषधं, सगळं शुक्रीला जागेवर मिळू लागलं. तो जरा हलला की आतून हाक यायची, "उठू नकोस हं, शुक्री!"

पहिल्या दिवसांत तो कुरकुरला. मग कुरकुर थांबली. शहाण्यासारखा ऐकतोय, म्हणून इनासला बरं वाटलं. त्याने टोमणे मारणंही सोडलंय, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

अशातच एका दुपारी नर्मीन आली. इनासची नवी विद्यार्थिनी, पीएचडीसाठी विषय शोधत होती. पाइपांच्या जोडांमधले तडे, जहाजांच्या पत्र्यांतले तडे, असं बरंच काही लिहून आणलं होतं तिने. सगळं नीटनेटकं आणि सगळं आधी कुणीतरी करून झालेलं. इनास चहा करायला आत गेली.

सोफ्यावरून शुक्री म्हणाला, "काय गं पोरी, तुमच्या लोखंडाला तडा गेला तर तो आपला आपण भरून येतो का?"

"छे हो काका, कसा येईल?"

"मग माझा पाय लोखंडाचा नाही, एवढं तुझ्या मॅडमच्या कानावर घाल बाई."

नर्मीन हसली. शुक्रीने आपल्या पायाकडे बघितलं. "तिला वाटतं, मी मोडेन," तो हळूच म्हणाला. "आणि आता मलाही तसंच वाटायला लागलंय. रात्री पाय नुसता जमिनीला लागला तरी घाम फुटतो मला."

पुदिन्याचा चहा घेऊन इनास दारातच उभी होती. ट्रे तिने तसाच स्टुलावर ठेवला, कपाटामागून वॉकर ओढून काढला आणि न्हाणीघरातला वजनकाटा आणून त्याच्या पायापुढे मांडला.

"हे काय, दुक्तूरा?" कॉलेजातली पोरं तिला म्हणायची तसं शुक्री म्हणाला. "मला विकायला काढलंस की काय?"

कितीतरी दिवसांनी आलेला तो टोमणा ऐकून तिला भडभडून आलं. "डॉक्टरांनी वीस किलोपर्यंत सांगितलंय. मला दिसू दे, वीस म्हणजे किती ते. चांगला पाय जमिनीवर, हा काट्यावर. मी आहे."

प्राध्यापकबाई गुडघे टेकून जमिनीवर बसल्या, डोळे काट्याला चिकटवून. शुक्रीने वॉकर घट्ट धरला आणि पाय टेकवला. काटा थरथरत सरकला.

"आठ... बारा... दुखतंय?"

"तू श्वास घे आधी. माझ्यापेक्षा तूच घाबरलीयस."

"वीस. बास!" तिने त्याच्या पावलावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

नर्मीन बघत होती. जरा वेळाने तिने विचारलं, "मॅडम, पण वीसच का? पंचवीस दिला तर लवकर भरेल, की बिघडेल? म्हाताऱ्या हाडाला किती, तरण्याला किती?"

इनासने मान वर केली. "मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "पुष्कळ लोक शोधतायत. पण एकेका माणसाचा नेमका आकडा कुणालाच धड सांगता येत नाही." मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आपला लोखंडातला तडा भाराने वाढतो. हा हाडातला भाराने मिटतो. तेच गणित, पण उलट्या दिशेचं."

नर्मीनने आणलेले कागद उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

हाडाला नेमका किती भार द्यावा, हा नर्मीनचा विषय कॉलेजच्या समितीत मंजूर व्हायला वेळ लागला. "धातूवाल्या बाई हाडांत कशाला?" असं समितीतल्या एकाने तोंडावर विचारलं. इनास शांतपणे म्हणाली, "शिकायला." दुसऱ्या बैठकीत होकार आला. एका हाडांच्या डॉक्टरांनाही सोबत घ्यायचं ठरलं.

वसंताच्या सणाला शुक्री काठी घेऊन समुद्रापर्यंत गेला. थोडा लंगडत होता, आणि ते लंगडणं कदाचित राहणार होतं. कठड्यावर बसून दोघांनी खारवलेली मासळी आणि कांद्याची पात खाल्ली. निघताना ट्रामचा थांबा समोरच होता.

"पुढच्या थांब्यापर्यंत चालू या का?" शुक्रीने विचारलं.

नको, हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. त्याचा चेहरा तिने बघितला.

"चल," ती म्हणाली.