नाव बदललं, खूण नाही

मित्रांनो, हरसूलच्या हिरामणच्या जीपमध्ये बॉनेटखाली जी काळी, जुनी बॅटरी बसलेली असायची, ती मी. माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल आहे, त्यामुळे बोलणंही जरा आंबट. रागावू नका.

१९९६ साली मी जीपमध्ये आले. सुरुवातीला काय कौतुक! दसऱ्याला झेंडूची माळ, हळदकुंकू. पुढे हिरामण मला विसरलाच. माझं पाणी आटलं, टोकांवर पांढरा थर चढला. तरी कुरकुरत का होईना, मी रोज इंजिन चालू करून देत होते.

एका दुपारी हिरामणची बायको सरिता हिला कळा सुरू झाल्या. दुसरं बाळंतपण, म्हणून ती सासरीच होती. तिला घेऊन आम्ही नाशिकला निघालो. सोबत हिरामणची बहीण ज्योत्स्ना होती, बारावी सायन्सला शिकणारी. घाटाच्या चढावर इंजिन बंद पडलं आणि ते पुन्हा फिरवायला माझ्यात जोरच उरला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गावातल्या सहादूची जीप आली. त्याची बॅटरी धडधाकट. दोन तारांनी तिची वीज मला द्यायची ठरलं.

"लाल वायर धनला ना गं?" हिरामणनं विचारलं.

"नाय दादा, थांब. पुस्तकात अ‍ॅनोडला धनाग्र, म्हणजे धन टोक म्हटलंय, आन्‌ बॅटरीत अ‍ॅनोड ऋण असतो. म्हणजे लाल वायर ऋणला लाव."

तारा उलट लागल्या असत्या तर जाळ झाला असता, कदाचित मी फुटलेही असते. आणि आत सरिता! पण शिकलेल्या बहिणीचं ऐकून हिरामणनं तार उचललीसुद्धा.

"लवकर करा रे!" सरिता कळवळली. "माहेरी असते तर आतापावेतो दवाखान्यात असते!"

ज्योत्स्ना एकदम थबकली. "माहेरी लेक, इथं सून… वहिनी तर तीच! दादा, हात मागं घे!"

मग तिनं सांगितलं ते असं. ज्या टोकातून इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेत जातात, तो अ‍ॅनोड. मी वीज देते तेव्हा तो मान माझ्या ऋण टोकाचा. माझ्यात वीज भरतात तेव्हा धन टोकाचा. काम बदललं की नाव बदलतं. अंगावरची अधिक-उण्याची खूण मात्र बदलत नाही.

"धनला धन, ऋणला ऋण. लाव!"

"मंग हे आधी सांगायचं नाय का?" सहादू हसला.

थोड्या वेळानं किल्ली फिरली आणि इंजिन लागलं! हिरामणनं डोळे पुसले, आणि माझ्या जिवात जीव आला. दिवेलागणीच्या आत सरिता दवाखान्यात पोहोचली. तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

मित्रांनो, आमच्या टोकांवरचा थर मोठ्यांकडून साफ करून घ्या, आमचं पाणी आटू देऊ नका. तार जोडताना नावाला भुलू नका, खूण बघा. बाळाला घेऊन घरी परतताना हिरामणनं किल्ली फिरवली, तेव्हा मी एका दमात इंजिन चालू केलं आणि त्या आवाजानं ती चिमुकली दचकून रडायला लागली. सगळे तिला गप्प करत होते. मला मात्र वाटत होतं, रडू दे बाई, खुशाल रडू दे.