गृहीत धरलेला होकार

अंगठ्याच्या नखाएवढा तो टॅग तिने खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा आतली तार दिसली – केसासारखी बारीक, चौकोनात चौकोन घालत आत आत गेलेली, आणि अगदी मध्यावर मोहरीएवढा काळा ठिपका... त्या ठिपक्याला आता सगळं कळणार होतं. कुठली पेटी कुठल्या ट्रकमध्ये चढली, कुठल्या गेटवर उतरली, कुठे उगाच पडून राहिली. गाडी मोशीच्या पुढे एका लांबलचक कंटेनरमागे थांबली होती, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं, आणि मागच्या सीटवर स्वरूपा तो टॅग या बोटावरून त्या बोटावर घेत बसली होती.

चाकणच्या तिच्या कंपनीत सुटे भाग आजवर लाकडी पेट्यांतून यायचे. पेटी एकदा वापरायची, फोडायची, भंगारात टाकायची – म्हणजे झाडंच टाकायची, असं तिने एका मीटिंगमध्ये म्हटलं होतं. आता निळ्या प्लॅस्टिकच्या पेट्या येणार होत्या, वर्षानुवर्षं जाऊन परत येणाऱ्या, प्रत्येकीच्या अंगावर असा एक टॅग. पुढच्या महिन्यापासून लाकूड बंद. हा बदल तिनेच मांडला होता, लढून मंजूर करून घेतला होता, आणि तो बरोबर होता याबद्दल तिला आजही शंका नव्हती. अवघड होतं ते हेच. शंका असती तर कंपनीला चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

आणि आज ते सोपानरावांना सांगायचं होतं.

कुरुळीत सोपानरावांचं पेट्यांचं वर्कशॉप. घरची शेती होती तिथेच शेड टाकून त्यांनी ते उभं केलं, तेव्हा चाकणला येणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. डिप्लोमा करताना स्वरूपा त्यांच्याकडे ट्रेनी म्हणून आली होती – हातात टेप, केसांत भुसा, आणि दुपारी शालनकाकूंच्या हातची बाजरीची भाकरी. पहिल्यांदा ‘हे मला येतं’ असं तिला जिथे वाटलं ती जागा म्हणजे ती शेड. म्हणून तर ती गेले कितीतरी महिने वरिष्ठांच्या मागे लागली होती: निळ्या पेट्या धुवायला, दुरुस्त करायला, टॅग तपासायला कुठेतरी केंद्र लागणारच, ते सोपानरावांच्या शेडमध्ये होऊ दे. तिचा साहेब निरंजन म्हणाला होता, “एवढा जीव का टाकतेस त्यात?” पण शेवटी त्यालाही ते आवडलं होतं. छोट्या पुरवठादाराला सोबत घेऊन केलेला बदल. आज दुपारच्या सादरीकरणात सोपानरावांचा फोटो लागणार होता.

कंटेनर हलला. ती मनातल्या मनात पुन्हा तालीम करू लागली. आधी ते गप्प होतील. मग आवाज चढेल, म्हणतील, एवढी वर्षं तुमच्यासाठी राबलो आणि आता... तिने मध्ये बोलायचं नाही. सगळं बोलू द्यायचं. आणि मग, ते थकले की, हळूच केंद्राचं सांगायचं. आंघोळ करताना, डबा भरताना, लिफ्टमध्ये – सकाळपासून तिने हे इतक्यांदा केलं होतं की त्यांच्या रागाचा एकेक शब्द तिला पाठ झाला होता. त्या रागाची तिला जवळजवळ ओढ लागली होती.

कारण अप्पांनी राग केला नव्हता. अप्पा – तिचे वडील – लातूरकडून येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात लागले होते, आणि ती दहावीत असताना तिथे नव्या मशिनी आल्या, जुन्या माणसांना स्वेच्छेने निवृत्त व्हा म्हणून सांगितलं गेलं. स्वेच्छेने... अप्पा भर दुपारी घरी आले. हातात पेढ्यांचा पुडा आणि कंपनीने दिलेली शाल. पुडा त्यांनी आईकडे दिला, शाल खुंटीला अडकवली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले ते दिवेलागणीपर्यंत. आई ओठांवर बोट ठेवून घरभर फिरत होती. स्वरूपा उंबऱ्यात बसून त्या पाठीकडे बघत होती, आणि त्या पाठीनेच तिला सगळं शिकवलं – की माणसाला असं घरी पाठवायचं नसतं. की आपण मोठं होऊन अशा जागी बसायचं जिथून कुणालाही असं घरी जावं लागणार नाही... पुढे तिने जे जे केलं, डिप्लोमा, नोकरी, हे केंद्रसुद्धा, ते त्या दुपारच्या उंबऱ्यातूनच निघालं होतं असं ती धरून चालली होती.

शेडमध्ये एकच करवत चालू होती. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास तसाच, गोडसर, नाकात चढणारा. सोपानराव ओट्यावर बसले होते. तिला बघून त्यांनी शेजारची खुर्ची पुसली.

“ये गं. रस्ता तुंबला आसंल.”

“मोशीपासूनच काका.”

शालनकाकूंनी चहा आणला आणि तिथेच दाराला टेकून उभ्या राहिल्या. स्वरूपाने कप खाली ठेवला. “काका, एक सांगायचं होतं –”

“लाकूड बंद व्हनार. हेच ना?” सोपानराव म्हणाले. “गाडीवाले बोलत्यात. तुमच्या गेटात निळ्या पेट्या उतरल्याल्या बघितल्या त्यांनी.” त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. “बरं झालं.”

हे तिच्या तालमीत कुठेच नव्हतं. उपरोध असेल, आता चढेल आवाज... पण ते शांतपणे चहा पीत होते. मग तिनेच घाईघाईने, मध्ये कुठेही श्वास न घेता, केंद्राचं सगळं सांगून टाकलं. शेड तीच राहील, माणसं तीच राहतील, यंत्रं कंपनी देईल, काम कायमचं. सांगताना आपला आवाज विनवणीचा होतोय हे तिला ऐकू येत होतं.

सोपानरावांनी सगळं ऐकून घेतलं. “चांगलं हाय,” ते म्हणाले. “पर मी न्हाई करायचो.”

“का?”

“दमलो गं.”

करवत थांबली होती. कुणीतरी फळ्या रचत होतं.

“आदी लाकडाचं काम व्हतं,” ते म्हणाले. “मग लाकडापरीस फोनचंच वाढलं. गाडी निघाली, फोटू टाक. पोचली, फोटू टाक. लाकूड कुठनं आलं भर, डिझेल किती जळलं भर. शेखर पोटचा पोरगा, त्यो बी शिकवून शिकवून कटाळला. तुमचं चुकतंय आसं न्हाई. झाडं ऱ्हायला पायजेत, हिशेब बी पायजे. पर त्यात आता मी नको.”

“झोपंत बी फोन चाचपत्यात,” शालनकाकू दारातून म्हणाल्या.

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

सोपानराव बशी पालथी घालून बघत बसले. “मागल्या दिवाळीलाच बंद करनार व्हतो,” ते शेवटी म्हणाले. “शेखर तर कवाचा मागं लागलाय. मानसांची सोय बी त्यानं लावलीया. पर तू ईत ऱ्हायलीस. काका काळजी करू नगा, काका मी करतीया कायतरी... येवढी पोर धडपडतीया, तिचं मन कसं मोडायचं? म्हनून ढकललं आनखी थोडं.”

त्यात तक्रार नव्हती. तिला ती हवी होती. तिने शोधली, त्यांच्या चेहऱ्यावर, आवाजात, अगदी कपाळाच्या आठीतसुद्धा. आठी होती, पण ती उन्हाची होती.

निघताना काकूंनी तिच्या हातात शेवग्याच्या शेंगा दिल्या. सोपानराव गाडीपर्यंत आले आणि म्हणाले, “आता येशील तवा कामाचं न्हाई आनायचं.”

गाडी हमरस्त्याला लागली आणि निरंजनचा फोन आला.

“झालं ना? फोटो लावतोय त्यांचा.”

“ते नाही म्हणाले.”

“काय हवंय त्यांना?”

“काही नको. करायचंच नाही म्हणतात.”

“असं कसं?” तो खरंच गोंधळला होता. “पोर्टलवर कारण काय टाकू? क्षमता नाही, निकषात बसत नाहीत, किंमत जुळली नाही – यातलं काय?”

“यातलं काहीच नाही.”

“रिकामं सोडता येत नाही गं.”

“मग मी आल्यावर बघते. पण फोटो काढून टाक, निरंजन. त्यांना मी कधी विचारलंच नव्हतं.”

हे वाक्य बोलून झाल्यावर ती स्वतःच त्या शब्दांकडे बघत राहिली. तिने विचारलं नव्हतं. एवढ्या मीटिंगा, एवढे आराखडे, आणि ज्यांच्यासाठी ते चाललं होतं त्यांच्यासमोर बसून ‘तुम्हाला हवंय का?’ एवढं... आणि तिकडे सोपानरावही तिच्यासाठी ओढत राहिले. दोघं दोन बाजूंनी एकच ओझं धरून उभे, आणि प्रत्येकाला वाटतंय की आपण सोडलं तर दुसरा चेंगरेल. तिला हसू आलं, आणि हसू ओठांपर्यंत येता येताच अप्पांची ती पाठ समोर आली.

भिंतीकडे तोंड केलेली. पांढऱ्या बनियनमधली. संथ वरखाली होणारी... खाली, वर. किती संथ. रडणाऱ्या माणसाची पाठ अशी हलते? तीस वर्षं तीन पाळ्यांत झोपेचे तुकडे वेचलेला माणूस, ज्याला दुसऱ्या दिवशी कुठेही जायचं नव्हतं... अप्पा झोपले असतील का? नुसते, गाढ, पोटभर? आणि आई ओठांवर बोट ठेवून फिरत होती ती दुःखाने नव्हे, त्यांची झोप मोडू नये म्हणून?

तसं असेल तर तो उंबरा... ती तिथे बसून जे शिकली ते...

तिने फोन लावला. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये अप्पा दुपारचे गॅलरीत बसलेले असायचे.

“बोल.”

“जेवलात?”

“जेवलो की. स्वयंपाकाच्या आक्काबाईंनी पिठलं केलं होतं. तू कुठंयस?”

“गाडीत. अप्पा...”

प्रश्न अगदी तयार होता. पण विचारायचा म्हणजे कसा? ते ‘झोपलो होतो’ म्हणाले तर इतक्या वर्षांचं काय करायचं, आणि ‘नाही’ म्हणाले तर... आणि यातलं कुठलं उत्तर आपल्याला हवंय हे आधीच ठरवून ती पुन्हा विचारत होती का?

“काही काम होतं का?” अप्पा म्हणाले.

“नाही. असंच.”

“मग ठेवू?”

“नको. राहू दे जरा.”

अप्पांनी का म्हणून विचारलं नाही. पलीकडून गॅलरीतल्या कबुतरांचा आवाज येत होता, कुणाची तरी स्कूटर, अप्पांचा संथ श्वास. स्वरूपा ऐकत राहिली. काय ऐकायचं हे या वेळी तिने ठरवलेलं नव्हतं.